पिच्चर पास करणारे दाजी

सुट्टीत पोराबाळांना कोणता सिनेमा दाखवावा, या एका विषयात आमच्या दाजींइतका अधिकारी माणूस उभ्या महाराष्ट्रात नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सैन्याच्या सिग्नल विभागातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि कराडला लागून मलकापुरात घर बांधून राहिले. निवृत्त फौजी साधारणपणे शेती करतो, सोसायटीचा चेअरमन होतो, नाहीतर गावातल्या पोरांना पहाटे पळायला लावतो. दाजींनी यातलं काही केलं नाही. त्यांनी हॉलची एक भिंत पांढरीशुभ्र रंगवून घेतली, एक छोटा प्रोजेक्टर आणला आणि दिवाळीच्या नि मे महिन्याच्या सुट्टीत घरात जमणाऱ्या डझनभर पोरांच्या करमणुकीची सूत्रं हाती घेतली. त्या भिंतीवर खिळा ठोकायला कुणाला परवानगी नव्हती. ताईने एकदा कौतुकाने देवीचं कॅलेंडर लावलं, तर दाजींनी देवीला नमस्कार करून ते स्वयंपाकघरात हलवलं. "देवीला काय, कुटंबी चालतंय. पिच्चरला भिंतच लागती," असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

सैन्यात भरतीला आलेल्या पोराची छाती-उंची मोजतात, तसा दाजींकडे प्रत्येक सिनेमा आधी भरतीला उभा राहायचा. पोरं यायच्या दोन महिने आधीपासून ते रोज दुपारी जेवण झालं की खुर्ची ओढून भिंतीसमोर बसत. मांडीवर आखीव वही, कानावर पेन्सिल. ती वही मी एकदा चाळली आहे. 'हत्ती चांगला. हिरो बावळट. हत्तीसाठी पास.' 'मारामारी जास्त, कारण कमी. नापास.' 'शेवटी पोरं रडतील, पण चांगलं रडतील. पास.' ज्या सिनेमात पहिल्या दहा मिनिटांत आई मरते, तो सरळ नापास व्हायचा, मग बाकीचा कितीही गाजलेला असो. "पोरं आईला सोडून सुट्टीला हितं आल्यात," दाजी तावातावाने म्हणायचे, "आन तुमी भितीवर आई मारताय व्हय?" सिनेमावर छापलेल्या 'सात वर्षांवरील मुलांसाठी' असल्या सूचनांवर तर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. "सात वर्सं मजी काय? आमचा ओम सात वर्सांचा हाय, पालीला बघून किचाळतोय. परी चार वर्सांची हाय, म्हशीच्या पाठीवर बसून फिरती. मग बगायचं कुनी?"

खेळ दुपारी तीनचा. खिडक्यांवर फौजेतली जाडजूड ब्लँकेटं चढायची, मेच्या उन्हात हॉल काळाकुट्ट आणि भट्टीसारखा गरम व्हायचा. पोरं उंचीप्रमाणे बसवली जायची, लहान पुढे, मोठी मागे, आणि आम्ही वडीलधारे भिंतीला टेकून. मध्यंतर सक्तीचं होतं. ज्या सिनेमात मध्यंतर नसे, त्यातही दाजी मनाला येईल तिथे बटण दाबायचे, बरोबर वाघाने उडी घेतली की. मग ताईची भेळ यायची आणि भेळ खाता खाता प्रत्येक पोराने पुढे काय होईल ते सांगायचं. चूक सांगितलं तरी भेळ मिळे, पण 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला पुन्हा विचारलं जाई.

मी सांगलीत राहणारा, नोकरी करणारा, घरात मोठा टीव्ही असलेला माणूस. मला हे सगळं गमतीचं वाटे. एकदा म्हणालो, "दाजी, पोरं मोबाईलवर वाट्टेल ते बघतात हो. तुम्ही कशाला एवढा जीव काढता?" दाजी पेन्सिलीला टोक करत होते. मान वर न करता म्हणाले, "तितं ती एकटी बगत्यात. हितं समद्यांनी मिळून बगायचं हाय. तवा समद्यांना झेपंल असंच पायजे की."

या 'समद्यांना' शब्दाचा अर्थ मला पुढे कळला. बाराएक वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा आपल्या मुलीला, ईश्वरीला, मलकापूरला सुट्टीसाठी घेऊन आला. भाऊ कुपवाडच्या एका कारखान्यात कामाला. ईश्वरी सहा वर्षांची, आणि जन्मापासून तिला ऐकू येत नाही. कानाला यंत्र होतं, पण त्याचा उपयोग मोठ्ठा आवाज झाला की दचकण्यापुरताच. पोरांमध्ये ती खेळली, पळाली, सिनेमालाही पुढच्या रांगेत बसली आणि सगळ्यांबरोबर हसलीसुद्धा. आम्हाला वाटलं, रमली. खेळ संपल्यावर पोरं अंगणात गेली, तेव्हा दाजी ब्लँकेटाची घडी घालत माझ्याजवळ आले.

"पोरगी पिच्चर बगत न्हवती," ते म्हणाले.

"हसत होती की."

"समदी हसल्यावर हसत हुती. दोन सेकंद मागनं. ती भितीकडं न्हाई, पोरांच्या तोंडाकडं बगत हुती."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, की खाली अक्षरं येतात असे सिनेमे मिळतात. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "गड्या, अजून तिला अक्षरं जुळवायला यीनात. ती अक्षरं वाचंल का पिच्चर बगंल?"

त्या हिवाळ्यात दाजींनी एक विलक्षण उद्योग आरंभला. प्रोजेक्टरचा आवाज पूर्ण बंद करून, पास झालेले सगळे सिनेमे त्यांनी पुन्हा भरतीला उभे केले. ताईचा फोन यायचा, "अरे, तुझे दाजी मुक्यानं पिच्चर बघतात दिवसभर, आणि एकटेच हसतात. दाखवू का कुणाला?" वहीतले नामवंत सिनेमे धडाधड कोसळले. हत्तीवालासुद्धा गेला, कारण हत्ती मध्येच नाहीसा होई आणि माणसं अर्धा तास नुसती बोलत बसत. 'तोंडानं लई बोलतात, करत काय नाहीत. नापास.' असा शेरा पानोपान होता. एप्रिल संपता संपता हाती फक्त पाच सिनेमे राहिले.

मे महिन्यात पोरं जमली आणि दाजींनी जाहीर केलं, की यंदाचा पहिला खेळ बिनआवाजाचा. घरात बंडच झालं. बारा वर्षांचा रोहन, दाजींचा स्वतःचा नातू, उठून उभा राहिला. "आबा, आवाज न्हाई तर मी वर जाऊन मोबाईल बगनार." त्याच्यामागे आणखी तिघे उठले. माझा भाऊ दारातच उभा होता. त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "दाजी, र्‍हाऊ द्या. लावा आवाज. तिच्यासाठी सगळ्यांचा विरस कशाला?" मला वाटलं, आता दाजींचा फौजी आवाज निघणार. पण ते शांतपणे नातवाला म्हणाले, "पंदरा मिन्टं बस. मग जा. मी थांबवनार न्हाई."

सिनेमा कुठल्यातरी परमुलखातला होता. एक म्हातारा, एक बकरी आणि एक गाडा घेऊन डोंगरापलीकडे लेकीच्या गावाला निघतो, एवढीच गोष्ट. पहिली पाच मिनिटं पोरं मुद्दाम खोकली, शिंकली. मग बकरीने म्हाताऱ्याची टोपी पळवली आणि खोकला थांबला. पंधरा मिनिटं केव्हा उलटली ते रोहनलाही कळलं नाही. लेकीसाठी आणलेल्या पेटीची किल्ली म्हाताऱ्याला सापडेना, तो सगळा गाडा उलटापालटा करू लागला आणि दाजींनी बटण दाबलं.

भेळ आली. किल्ली कुठे गेली असेल? कुणी म्हणालं चोराने नेली, कुणी म्हणालं नदीत पडली, रोहनने ठणकावून सांगितलं की म्हाताऱ्याच्या बुटात आहे. दाजी ईश्वरीकडे वळले आणि दोन्ही तळवे पसरून, भुवया उंचावून त्यांनी तिलाही विचारलं. ती उठली. प्रोजेक्टरच्या उजेडात, पांढऱ्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. दोन बोटं डोक्याला लावून तिने शिंगं केली, हनुवटीखाली दाढी ओढली, मान तिरकी करून गाड्यावरचं काहीतरी हळूच ओठांत धरलं, चावलं, गिळलं, आणि पोटावर हात फिरवून साळसूदपणे इकडेतिकडे पाहिलं. हॉलमध्ये हशाचा स्फोट झाला. मध्यंतरानंतर निघालं तेच. पडद्याच्या कोपऱ्यात, म्हातारा लोकांना हातवारे करत असताना, बकरीने किल्ली खाल्ली होती आणि आम्हा वीस जणांपैकी कुणालाही ती दिसली नव्हती.

"आबा, हिला कसं काय कळलं?" रोहनने विचारलं.

"ती बगत हुती," दाजी म्हणाले.

उरलेला सिनेमाभर पोरं भिंतीकडे कमी आणि ईश्वरीकडे जास्त पाहत होती, आता पुढचं हिला काय दिसतंय म्हणून. माझा भाऊ मात्र हॉलमध्ये नव्हता. मी बाहेर आलो तर तो भर उन्हात आपली दुचाकी धूत होता. ती सकाळीच धुतलेली होती. मी दुसरं फडकं घेतलं.

त्यानंतर दाजी खुणांची भाषा शिकले. म्हणजे ते तसं समजतात. त्यांची बोटं केळ्यासारखी जाड, त्यामुळे त्यांनी एकदा 'आत्याने चहा केलाय' असं सांगितलं आणि ईश्वरी ताईकडे बघून हसत सुटली, कारण तिच्या मते ते 'म्हशीने चहा केलाय' असं होतं. पण दोघांचं जमलं. तिला भरती मंडळावर घेण्यात आलं. कुपवाड ते मलकापूर व्हिडिओ कॉल लावून दोघांच्या बैठका होत आणि पोरगी दाजींपेक्षा कडक निघाली. त्यांचा जीव की प्राण असलेला एक युद्धपट तिने नापास केला. कारण, सगळे सैनिक सारखेच दिसतात, कोण मेला ते कळत नाही. दाजी दोन दिवस रुसले, मग वहीत शेरा लिहिला, 'मेंबरचं म्हणणं बरोबर.' ही वही ते येईल त्या पाहुण्याला दाखवत आणि म्हणत, "आमच्या घरात असं डोळं हाईत! तसं डोळं सिग्नलला अख्ख्या पलटनीत न्हवतं."

या वर्षी ईश्वरीला पुण्याच्या चित्रकला महाविद्यालयात प्रवेश मिळाला. मलकापूरला दोन दिवस राहून ती कराडच्या स्टँडवरून निघाली, तेव्हा निरोपाला आम्ही सगळे होतो. एसी गाडी, काचा बंद. इंजिन सुरू झालं आणि खिडक्याखिडक्यांशी माणसं ओरडायला लागली, "पोचल्यावर फोन कर!" आतली माणसं कानाला हात लावून विचारत होती, "काय? काय?" त्या सगळ्या गलक्यात दाजी पिशवी खाली ठेवून उभे होते आणि काचेपलीकडच्या ईश्वरीशी निवांत गप्पा मारत होते. त्यांची जाड बोटं चालत होती, तिची सडसडीत बोटं उत्तर देत होती. गाडी हलली, वळली, तरी मागच्या काचेतून तिचे हात दिसत होते.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

दाजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "लय भरभर बोलली रं. निम्मं कळलं न्हाई." आणि गाडी गेली त्या रस्त्याकडे पाहत ते उभेच राहिले.