भूगोलाच्या चालीतला खून

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी, म्हणजे एकसष्ट-बासष्टच्या सुमारास, मी दारव्ह्याच्या आमच्या घरात एक खुनाची कादंबरी मोठ्यानं वाचत होते, आणि बाबांना वाटत होतं की पोरगी भूगोल पाठ करते आहे.

बाबा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, मधल्या खोलीत मायची चूल, मागच्या पडवीत मी. आवाज येत नसेल तर अभ्यास चालू नाही, असा त्यांचा पक्का समज होता. म्हणून मशीन चालू असेपर्यंत मी कादंबरी वाचायची, पण भूगोलाच्या चालीत, एकसुरी, डुलत डुलत. खडखडाटात त्यांना शब्द कळत नसत, नुसती चाल ऐकू जाई. मशीन थांबलं की खून अर्धवट सोडून मी म्हणे, "गोदावरी नदी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते." त्या महिन्यात बिचारी गोदावरी दिवसातून वीस-वीस वेळा उगम पावली. हसू येतं आता. तेव्हा मात्र जीव नुसता त्या मशीनच्या चाकाला बांधलेला असायचा.

पुस्तक मराठीच्या बाईंनी वाचनालयातून स्वतःच्या नावावर काढून दिलं होतं. त्याला मी भूगोलाचं कव्हर घातलं होतं. गोष्ट साहेबाच्या मुलखातली, पण मराठीत आणणाऱ्यानं माणसांची नावं आपली करून टाकलेली. त्यामुळे चांगली धोतर नेसणाऱ्या नावांची माणसं शेकोटीपुढे केक खात बसायची. टेकडीवर चौदा खोल्यांचा बंगला. ना लग्न ना तेरवी, तरी आठ पाहुणे मुक्कामाला. म्हातारा मालक आतून कडी लावलेल्या खोलीत मेलेला. आणि त्याची भाची! फौजदाराच्या तोंडावर हसणारी, खिडकीतून उतरून चिखलातली पावलं मोजणारी, कुणी गप्प बस म्हटलं की हटकून बोलणारी. मी तिच्यावर जीव टाकला होता. तिला आपला मामा कुणी मारला हे शोधायचं होतं आणि मला मॅट्रिक व्हायचं होतं.

कारण उन्हाळ्यातच उमरखेडचं एक स्थळ येऊन गेलेलं. मंडळी चांगली होती, थांबायला तयार होती. मायनं कसंबसं बाबांना परीक्षेपर्यंत थोपवलं. पण बाबांनी बजावलं होतं, "कादंबऱ्या वाचू वाचू पोट्ट्या बिघडतात. हिच्या हातात एक जरी दिसली, तं शाया बंद. मंग म्या उमरखेडले होकार कळवतो." बाबा बोलले की बोलले.

दसऱ्याच्या सकाळी बाबा गिऱ्हाइकांचे शेवटचे कपडे उरकत होते. भाची माळ्यावर अडकली होती, जिन्यावर पावलं वाजत होती, दाराची कडी हळूच हलत होती. शेवटची वीस-पंचवीस पानं उरलेली. तेवढ्यात मायनं विहिरीवर पाठवलं. मी पुस्तक कोनाड्यात ठेवून गेले.

घागर घेऊन आले तर पुढच्या खोलीतून वाचनालयाच्या शिपायाचा आवाज येत होता. तो शिवलेला पायजमा न्यायला आला होता. "बाईच्या नावावरची कादंबरी तुमच्या पोरीच्या हातात पाह्यली म्या," तो सांगत होता. मशीन बंद होतं. माझ्या तोंडून गोदावरीही फुटेना.

बाबा आत आले. "पुस्तकं आण सारे."

मी कोनाड्याकडे पाहिलं. रिकामा.

"पूजेत मांडले," माय चुलीपुढून म्हणाली.

खरंच, देवापुढच्या पाटावर माझी सगळी पुस्तकं रचलेली होती. त्यांवर हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं, आणि सगळ्यांत वर बाबांची कात्री. दसऱ्याची ही पूजा दरवर्षी बाबा मांडत. पूजेतली वस्तू दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून हलवेपर्यंत उचलायची नाही, हा त्यांचा कडक नेम. त्या दिवशी ते बटणसुद्धा लावून देत नसत. आणि आता तीच कात्री माझ्या पुस्तकांवर बसली होती.

"एवढ्या सकाळी कायले मांडली?" बाबांनी विचारलं.

"सणाचा दिवस हाय. तुमाले कपड्यातून सवड कुठी होती?"

बाबा पाटापुढे उभे राहिले. हात पुढे गेला, थांबला. "उद्या पाहीन," ते म्हणाले. "एक एक पुस्तक उघडून पाहीन."

तो दिवस मी कसा काढला, माझं मला माहीत. ढिगात खालून तिसरं पुस्तक तेच, हे मला कव्हरावरच्या शाईच्या डागावरून कळत होतं. काढावं तर बाबा समोरच्या बाजेवर, पाठ भिंतीला, डोळे पाटावर. भाचीनं काय केलं असतं, हे शंभरदा मनाला विचारलं. तिच्या बंगल्यात चौदा खोल्या होत्या. आमच्या दोन खोल्यांत काय करणार, कपाळ! संध्याकाळी बाबा शिलंगणाला गेले आणि मैत्रिणी मला सोनं द्यायला ओढून घेऊन गेल्या.

सकाळी बाबांनी अक्षता टाकल्या, कात्री कपाळाला लावली आणि एकेक पुस्तक उघडलं. गणित. इतिहास. भूगोलाचं कव्हर आलं तेव्हा मी डोळे मिटले. "हं," बाबा म्हणाले. डोळे उघडले तर त्यांच्या हातात खराखुरा भूगोल होता. शाईच्या डागाचा तो दुसरा भूगोल ढिगात नव्हताच. बाबा मशीनवर जाऊन बसले.

खडखड सुरू झाल्यावर माय हळूच म्हणाली, "बाईले देऊन आली काल. सोनं द्याले गेलती, पदराखालून नेलं."

माय अंगठेबहाद्दर, बाईंच्या दारात कधी न गेलेली. वर पूजेतलं पुस्तक सणाच्याच दिवशी तिनं उचललं होतं. "तुले कसं कळलं व माय?"

"भूगोलात कोणी कडी वाजवते काय? मशीन तुया बाबाच्या कानाशी हाय, माया कानाशी नाही." पीठ मळता मळता ती थांबली. "मामाले कोणं मारलं ते जाऊ दे. त्या पोट्टीले कोणं काही केलं तं नाही ना? माळ्यावर एकटीच होती."

शेवटची पानं मी वाचलेली नव्हती.

"नाही माय," मी म्हणाले. "सुटली ते."

"खरं?"

"खरं."

मायनं मोठा श्वास सोडला. मग टोपल्यातली कालची पुरणपोळी काढून ती तिथंच, चुलीपुढे बसून खाऊ लागली. आदल्या दिवशी, सणाचा दिवस असूनही, तिनं तोंडात घासही घातला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.