डोळ्यांनी ऐकणारा आतेभाऊ

माझ्या आतेभावाच्या छंदाइतका निरुपयोगी छंद जालना जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला असेल, तर त्यानं खुशाल पुढं यावं. मी त्याचा सत्कार करीन. या गृहस्थाला रॉक संगीताचं वेड आहे, पण फक्त डोळ्यांनी. जुन्या रॉक अल्बमांच्या कव्हरांवरची हातानं काढलेली ती वितळलेली, काटेरी, पेटलेली अक्षरं म्हणजे त्याचा जीव की प्राण. भंगारवाल्यांकडून आणलेली रिकामी कव्हरं त्याच्या बैठकीत देवांच्या तसबिरींच्याही वर लटकतात. आत तबकडी नाही, घरात ती वाजवायला काही नाही. विचारलं तर म्हणतो, "ऐकायचं कशाला? अक्षर बघ की, कसं वरडून राह्यलं!" हा पोटासाठी पाट्या रंगवतो, त्यामुळं जुन्या जालन्यातून त्याच्यासोबत चालणं ही शिक्षाच. प्रत्येक फ्लेक्सखाली थांबून तो दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात कंप्युटरच्या अक्षरांचा उद्धार करतो. एका कापडवाल्यानं तर मीटरपट्टी उगारली होती.

आपलं अक्षर एकदा तरी कव्हरवर यावं, हा त्याचा ध्यास. बदनापूरच्या पोरांच्या एका बँडनं त्याला खरंच ते काम दिलं. मग काय, दुकान बंद आणि अक्षराअक्षराला बाभळीचे काटे. अल्बम निघाला तो मोबाईलवर. कव्हर नखाएवढं! आल्यागेल्यापुढं हा ते दोन बोटांनी ताणत बसायचा आणि मी पोट धरून हसायचो.

पुढं धावड्याला त्याच्या भाचीचं लग्न निघालं. घराच्या दर्शनी भिंतीवर वधूवरांची नावं रंगवायला घरचाच पेंटर होता. लोक तिथं गणपती, केळीचे खांब आणि सरळ अक्षरं काढतात. यानं पायरीपासून छपरापर्यंत ज्वाळा आणि काटे काढले.

भाचीचे वडील खवळले. "लगीन हाय का मसनवाटा? वऱ्हाड यायच्या आत पुसा हे, जल्दी!"

आतेभाऊ चुन्याची बादली घेऊन आला. एरवी गावाला न आवरणारा हा माणूस कुंचला चुन्यात बुडवू लागला. तेवढ्यात हळदीनं माखलेली भाची दारात आली. "पप्पा, माझं नाव हाय ते. मामानं काढलंय. ऱ्हाऊ द्या."

राहिलं. वऱ्हाडी त्या भिंतीपुढं उभे राहून फोटो काढत होते. हा मात्र रस्त्यापलीकडून भिंतीकडं नव्हे, त्या बघणाऱ्यांकडं बघत होता.

भाची सासरी गेली. दोन पावसाळ्यांत तो रंगही जाईल, हे पेंटरला कुणी सांगायला नको. हल्ली तो बहिणीला भेटायचं निमित्त काढून वरचेवर धावड्याला जातो. मी त्यावरून त्याला अजून एकदाही चिडवलेलं नाही.