तहानलेल्या कुंड्या

हँड्स-ऑन ट्रेनिंग म्हणजे हाताने करून शिकायचं, असा माझा समज होता. आमच्या इंदूरच्या कृषी कॉलेजातल्या ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी माझ्या हातांना फक्त टाळ्या वाजवायचं काम मिळालं. दीपप्रज्वलन, शाली, भाषणं, पोहे, पुन्हा भाषणं. पानांचं तापमान टिपणारा थर्मल कॅमेरा टेबलावर पेटीत बंद होता आणि पेटीला चक्क हार घातलेला. मी मागच्या खुर्चीवर बसून नुसती चडफडत होते.

मला घाई होती. मी तिथे वर्षावर्षाच्या करारावर शिकवत होते, आणि या सत्रात पीएच.डी.चा प्रबंध गेला नाही तर पुढचा करार होणार नाही, हे विभागप्रमुख सरांनी स्वच्छ सांगितलं होतं. माझे गाईडही तेच. प्रबंधात एकच गोष्ट राहिली होती, तहानलेल्या सोयाबीनची थर्मल चित्रं. पाणी कमी पडलं की पान तापतं, आणि ते या कॅमेऱ्यात लाल दिसतं. पाणी मिळालेलं पान निळं. कॅमेरा ट्रेनिंगवाले बाहेरून घेऊन आले होते आणि जाताना घेऊन जाणार होते. म्हणून मी पॉलीहाऊसमधल्या अर्ध्या कुंड्यांचं पाणी मुद्दाम तोडलं होतं. रोज जाऊन त्या माना टाकलेल्या झाडांकडे बघायचे आणि पाण्याच्या नळाला हात लावायचा नाही. जिवावर यायचं, पण करायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलीहाऊसमध्ये पाऊल टाकलं, तर सगळी झाडं ताठ उभी. पिवळी पानं खुडलेली, माती ओली गच्च, कुंड्यांना ताजा गेरू आणि वर पांढरा पट्टा. कुठली कुंडी कोरडी आणि कुठली पाण्याची, माझं मलाच कळेना.

सर दारात उभे होते, अगदी खूश. "काय मॅडमजी, कशी दिसतेय आपली फसल? काल संध्याकाळी मी स्वतः उभं राहून सगळं करवून घेतलं. उद्घाटनाला आलेले साहेब राउंडला येणार आणि आपल्या इंदूरमध्ये पिवळी पानं? अच्छा दिसतं का ते?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात पाहुणे आलेच. ट्रेनरने कॅमेरा धरला. पडद्यावर इकडून तिकडे नुसता निळा रंग. त्याने लेन्स पुसली, तहानलेली झाडं शोधत परत बघितलं. "सर, इसमें स्ट्रेस वाला प्लॉट कौन सा है?"

"अरे भिया, एक पत्ता पीला नहीं मिलेगा आपको," सर म्हणाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

पाहुणे चहाला वळले तेव्हा मी सरांना गाठलं. आवाज चढलाच माझा. "सर, ती झाडं मी सुकवत होते. माझी ट्रायल होती ती. तुम्हीच सही केलीत तिच्यावर."

सर गोंधळले. "अगं, मग तिथे बोर्ड लावायचा ना, पानी मत डालो म्हणून."

"लावला होता."

"तो पुठ्ठ्याचा? तो मीच काढायला लावला. हाताने लिहिलेला, एकदम बेकार दिसत होता."

मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच जास्त संताप येत होता. झाडं पुन्हा सुकेपर्यंत कॅमेरा थांबणार नव्हता. उरलेले दिवस मी तो हट्टाने मागून घेतला आणि नीट शिकले. लाल रंग टिपायला माझ्याकडे एकही पान नव्हतं.

निरोपाच्या दिवशी सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मन छोटं करू नकोस. पुढच्या पावसाळ्यात पेर परत, आरामात."

पुढच्या पावसाळ्यात मी त्या कॉलेजात असेन की नाही, हे ठरवणाऱ्या कमिटीचे अध्यक्ष सरच होते. नियमाप्रमाणे त्यांनी माझ्या नावावर फुली मारली, आणि मनापासून हळहळले.