कोरा दीड रकाना

चढ संपला तशी हुल्डाबाई थांबली. सहा मैल झाले होते, जिल्ह्याचा तुरुंग अजून पाच मैल होता. मक्याचा पाव, मोजे आणि उकडलेलं डुकराचं मांस अशी ओझ्याची टोपली आम्ही दोघी आळीपाळीने धरत होतो.

"दमलीस, लोइस?"

"नाही हो," मी म्हटलं. पाय दुखत नव्हते.

हुल्डाबाईच्या नवऱ्याला, 'बीकन' या साप्ताहिकाच्या संपादकाला, असाहेलला, नव्या कायद्याखाली पकडून अठरा दिवस झाले होते. राष्ट्राध्यक्षांची बदनामी हा गुन्हा. 'बीकन'मध्ये 'नांगरवाला' या नावाने पत्रं येत. अध्यक्षांची थाटमाटाची हौस आणि त्यांच्या फौजेसाठी लावलेला कर, यावर ती असत. असाहेल म्हणे, पत्रं मी छापली, लिहिली नाहीत. सरकारी वकील म्हणे, नांगरवाला तूच. खटला सोमवारी होता. छापण्याची शिक्षा महिन्यांत मोजली गेली असती. लिहिणं आणि छापणं, दोन्ही गुन्हे माथी बसले असते तर वर्षं गेली असती, आणि असाहेलची छाती आधीच खोकल्याने पोखरलेली.

नांगरवाला कोण हे मला माहीत होतं. तो माझ्या शेजारी निजत असे. आमचे हे लाकडी पिंपं करायचे आणि मंडळीचे डीकन, म्हणजे देवळात पाळकांच्या हाताखालचे कारभारी होते. आमचे पाळक दर रविवारी 'बीकन'ला सैतानाचा कागद म्हणत, तेव्हा हे खाली मान घालून बसत. असाहेलला नेलं त्या दिवसापासून यांनी लेखणीला हात लावला नव्हता.

हुल्डाबाई छापखान्यातच वाढलेली. वडिलांच्या दुकानात आठव्या वर्षी अक्षरांचे खिळे जुळवायला शिकली; उलटी ओळ ती सुलट ओळीपेक्षा भरभर वाची. दोन लेकरं पुरली, तरी गुरुवारचा अंक कधी चुकला नाही. बोटांची शाई जात नसे, म्हणून देवळात ती उन्हाळ्यातही हातमोजे घाली. समोरच्या पक्षाच्या 'कुरियर'ने तिला 'काळ्या पंजाची म्हातारी' असं छापलं होतं. तिने तो मजकूर जसाच्या तसा 'बीकन'मध्ये उचलला आणि खाली एकच ओळ जोडली : 'म्हातारी अजून चाळीसचीही नाही.'

मागून घोडा आला. असाहेलला पकडून नेणाऱ्या सरकारी मार्शलचा माणूस, रॅन्सम टटल.

"काय हुल्डाबाई, सहलीला?"

"होय तर. तुम्हीच नवऱ्याला हवापालटाला पाठवलंत ना!"

त्याने खाली उतरून टोपली उचकली, पाव मोडून पाहिला.

"दुकानात आकड्याला टोचून ठेवलेले सगळे कागद नेले आम्ही. प्रत्येक पत्र तुमच्याच अक्षरात कसं?"

"घाणेरडं अक्षर वाचून खिळे जुळवता येत नाहीत. आधी उतरवून घेते."

"आणि मूळ कागद?"

"चूल पेटवायला काहीतरी लागतंच की."

टटल हसला. मग माझ्याकडे वळला. "डीकनबाई, तुम्ही या संगतीत? पाळकांना कळलं तर?"

"तुरुंगातल्याला भेटायला जा, असं प्रभूनेच सांगितलंय," मी म्हटलं. खोटं बोलले नव्हते, पण खरं मात्र गिळलं होतं.

तो परत घोड्यावर बसला. "दोन गुरुवार झाले, नांगरवाला गप्प आहे. असाहेल आत गेला आणि हाही थांबला. न्यायाधीशांना एवढं गणित येतं, बाई."

घोडा वळणाआड गेला. हुल्डाबाईने मोडलेल्या पावाचे तुकडे फडक्यात बांधले. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते, शब्द नीट लागत नव्हते.

ओढ्यावरच्या लाकडी पुलावर ती कठड्याला टेकली.

"पहिल्या पत्राची घडी उलगडली ना, तेव्हा आतून ओकच्या लाकडाची ढलपी पडली. पिंपवाल्याच्या रंध्याखालची, केसासारखी बारीक."

मी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं.

"घाबरू नकोस. असाहेललाही सांगितलं नाही. तो विचारत नाही. लिहिणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, ही आमच्या दुकानाची रीत. असाहेलने सांगायचं ठरवलं तरी सांगता यायचं नाही."

"पण तुम्ही सांगितलं असतं तर तो काही महिन्यांत सुटला असता!"

"आणि तुझा गेला असता." तिने हातमोजे काढले, काळी बोटं पाण्याकडे धरून पाहिली. "असाहेल आत असताना नांगरवाल्याचं पत्र आलं, तर नांगरवाला तो नव्हे. मी खोटं पत्र लिहू शकते, लोइस. पण ते लबाडीचं होईल. शिवाय माझी भाषा 'कुरियर'वाला लगेच ओळखेल."

खाली पाणी दगडांवरून चाललं होतं. समोरच्या टेकडीवर तुरुंगाचं धुराडं दिसत होतं.

"उद्या दुपारी अंक जुळवायला घेते," ती म्हणाली. "पहिल्या पानावर दीड रकाना कोरा ठेवते. डीकनांना सांग, तेवढा भरून द्या. हात कापत असेल तर त्यांनी बोलावं, तू लिही. कागद मी माझ्या हाताने जाळीन. एवढं करशील माझ्यासाठी?"