काउंटीतला लाल ठिपका

“तुम्ही आमच्या काउंटीत कधी येऊन गेलायत का, मॅम?” डार्लीनने फोनवर विचारलं.

“प्रत्यक्ष नाही,” मी म्हणाले, “पण तुमच्याकडचं एकूण एक छप्पर मी पाहिलंय.”

“अच्छा, वरून!” ती म्हणाली. तिकडे कुणीतरी हसल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “तुमचा रिपोर्ट वाचला. फार छान आहे. आमच्याकडे टेक-कॉरिडॉर आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तो दाखवायला तुम्हीच या ना एकदा.”

डार्लीन त्या काउंटीच्या अँब्युलन्स सर्व्हिसची डायरेक्टर. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. फक्त आपल्या जिल्ह्यात जेवढी माणसं, तेवढी तिथे शंभर वर्षांत जन्मली नसतील. पुण्यातल्या तीन-चार मोठ्या सोसायट्या रिकाम्या केल्या तर सगळी काउंटी आत मावेल, वर पार्किंगवरून भांडायलाही कुणी उरणार नाही. अमेरिकेत आम्ही राहतो त्या मॉरिसव्हिलपासून तीन तासांवर, डोंगराच्या पायथ्याशी. मधून एक नदी जाते. गाव, कोर्ट आणि एकुलतं एक अँब्युलन्स स्टेशन नदीच्या दक्षिणेला. उत्तरेला डोंगर, शेतं, आणि एकमेकांपासून लांब लांब घरं. त्या भागाला तिथले लोक ‘अपरिव्हर’ म्हणतात.

काउंटीला दुसरं अँब्युलन्स स्टेशन मिळणार होतं. एकच. ते कुठे असावं हे नकाशावर दाखवायचं काम आमच्या छोट्या कन्सल्टिंग फर्मला मिळालं आणि अजयने ते माझ्या टेबलावर ठेवलं. अजय माझा बॉस, पुण्याचा, माझ्याच वयाचा. मी नागपूरची. वीस वर्षं जीआयएसमध्ये आहे. जीआयएस म्हणजे नकाशावर माहितीचे थर चढवायचे: एक थर रस्त्यांचा, एक घरांचा, एक माणसांचा. सगळे थर एकावर एक आले की कुठे काय कमी आहे ते दिसतं. निदान दिसायला हवं.

माणसांचा थर येतो सेन्ससमधून, म्हणजे जनगणनेतून. सेन्सस देशाचे छोटे छोटे तुकडे करतो, त्यांना ब्लॉक म्हणतात. ज्या ब्लॉकमध्ये माणसं जास्त तो लाल, कमी तो फिकट पिवळा. आमची काउंटी जवळजवळ सगळी फिकट पिवळी होती. फक्त दक्षिणेला, हायवेजवळ, एकच लालभडक ठिपका.

मी त्या ठिपक्याची माहिती उघडली. बहुतेक सगळे पुरुष. वय पंचवीस ते चाळीस. लहान मुलं नाहीत, म्हातारी माणसं नावालाच, आणि सगळ्यांचा पत्ता एकच.

आता दुसऱ्या कुणालाही इथे शंका आली असती. पण मी कुठून आलेली? लग्नानंतरची पहिली सहा वर्षं आम्ही व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला काढली. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एकेका अपार्टमेंटमध्ये आंध्रची, महाराष्ट्राची पाच-पाच आयटीवाली पोरं राहायची. सगळी पुरुष, सगळी पंचविशी-तिशीतली, सगळ्यांचा पत्ता एक. मला तो ठिपका बघून घरच्यासारखं वाटलं. सॅटेलाइट फोटो काढला: लांबलचक सपाट छपरं, मोठा पार्किंग लॉट, भोवती दुहेरी कुंपण. झालंच! अ‍ॅशबर्नला डेटा सेंटर, म्हणजे कंपन्यांच्या सर्व्हरची गोदामं, अशीच दिसतात, कुंपणासकट. मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं, ‘काउंटीच्या दक्षिण भागात तरुण, कामकरी वयाची लोकवस्ती झपाट्याने वाढत असून हा उदयोन्मुख टेक-कॉरिडॉर असावा. नवीन स्टेशनसाठी हीच जागा योग्य.’ अजयने वाचलं, “मस्त गं!” म्हणाला आणि पाठवून दिलं.

डार्लीनच्या फोननंतर शनिवारी मी ड्राइव्ह करून गेले. डार्लीन साठीची, आडव्या बांध्याची, आवाज असा की सायरनची गरज नाही. तिने मला आपल्या पिकअप ट्रकमध्ये बसवलं आणि थेट लाल ठिपक्यावर नेलं. कुंपण खरंच दुहेरी होतं. वर काटेरी तारांची वेटोळी होती. टॉवरवर एक माणूस उभा होता, त्याच्याकडे बंदूक होती.

“हा तुमचा टेक-कॉरिडॉर,” डार्लीन म्हणाली. “स्टेट प्रिझन.”

कुठे तोंड लपवू असं झालं. ती दारावर हात मारून मारून हसत होती. शेवटी मलाही हसू आलं.

तसा सेन्ससचा काही दोष नाही. त्यांचा नियम साधा आहे: माणूस जिथे राहतो आणि झोपतो, तिथे मोजायचा. कैदी तुरुंगात झोपतात, म्हणून तिथे मोजले जातात. ती माणसंच आहेत, मोजायलाच हवीत. पण त्या तुरुंगाला स्वतःचं छोटं हॉस्पिटल आणि स्वतःची गाडी आहे. डार्लीनच्या अँब्युलन्सला तिथून वर्षातून एखादाच कॉल येतो. म्हणजे अख्ख्या काउंटीतलं दुसरं स्टेशन मी अशा लोकांच्या दारात ठेवत होते, ज्यांना त्याची गरज सर्वांत कमी होती.

“आता अपरिव्हर,” ती म्हणाली आणि ट्रक उत्तरेला वळवला.

नदीवर एक जुना पूल लागला. अलीकडे पाटी होती: पाच टन. “आमची अँब्युलन्स सात टनांची आहे,” डार्लीन म्हणाली. “आम्हाला लांबच्या पुलावरून वळसा घालून जावं लागतं.” माझ्या मॉडेलमध्ये तो पूल नुसती एक रेघ होती. रेघेवरून काहीही जातं. मॉडेल म्हणत होतं, गावातून अपरिव्हर अकरा मिनिटं. डार्लीनने मुद्दाम अँब्युलन्सच्या वळशाने नेलं, तर पस्तीस लागली.

शेवटच्या घरासमोर तिने गाडी थांबवली. रूथ नावाच्या बाई दारातच होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी आम्हाला गोड आइस्ड टी दिला. आपल्या चहात साखर जास्त म्हणणाऱ्यांनी एकदा तो पिऊन बघावा. मी नकाशे करते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग माझं घर आहे का हो त्यात?”

मी लॅपटॉप उघडून दाखवलं. फिकट पिवळा ब्लॉक, त्यात दोन माणसं.

“दोन होतो,” त्या म्हणाल्या. “मागच्या थंडीत वॉल्टर गेला. छातीत दुखायला लागलं. डार्लीनच्या अँब्युलन्सवरची मुलं निघाली लगेच, पण पाटी नवीनच लागलेली, पुलापर्यंत येऊन त्यांना मागे फिरावं लागलं नाही का, वळसा घालायला. इथून त्यांचे दिवे दिसत होते मला. पलीकडच्या काठावर.”

त्या शांतपणे बोलत होत्या. डार्लीन खाली बघत होती. मला लाज वाटली, आणि ती टेक-कॉरिडॉरच्या लाजेसारखी हसून घालवता येणारी नव्हती.

परतताना डार्लीनने खरी अडचण सांगितली. चेअरमन टली यांना रिपोर्ट फार आवडला होता. काउंटीचा कारभार पाच निवडून आलेले कमिशनर बघतात, टली त्यांचे प्रमुख. त्यांना स्टेशन हायवेजवळच हवं होतं, कारण बांधायला ते सोपं आणि येता-जाता दिसतं. आता त्यांच्या हातात माझा नकाशा होता. सोमवारी संध्याकाळी सहाला मीटिंग आणि लगेच मतदान.

घरी येऊन अजयला फोन केला. तो बराच वेळ “अरे यार, अरे यार” एवढंच म्हणत होता.

“बरं, आपण असं करू,” तो म्हणाला, “चूक वगैरे शब्द नको. ‘अपडेटेड डेटा आला’ म्हणू.”

“अजय, तुरुंग काल नाही बांधला त्यांनी.”

“अगं, पण क्लायंट जाईल ना हातचा!”

“जाऊ दे. त्या बाईंच्या घरी तू ये आणि तूच सांग त्यांना अपडेटेड डेटा.”

तो म्हणाला, “ठीक आहे. जा. पण हसत हसत सांग, म्हणजे निदान मार नाही पडणार.”

जेवताना नवऱ्याला, मिलिंदला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काही चुकलं नाही तुझं. अ‍ॅशबर्नला आपणही तुरुंगातच होतो, फक्त वायफाय होतं.” सई, आमची मुलगी, म्हणाली, “मॉम, धिस इज सो एम्बॅरसिंग. कॅन आय टेल माय फ्रेंड्स?”

सोमवारी हॉल भरलेला होता. रूथ पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि सरळ सांगितलं, की रिपोर्टमधला टेक-कॉरिडॉर म्हणजे तुमचा तुरुंग आहे आणि ती चूक माझी आहे. मग अख्खा हॉल हसला. मागून कुणीतरी ओरडलं, “तरीच तिथले लोक नोकरी सोडत नाहीत!”

टली मात्र हसले नाहीत. मी अपरिव्हरला स्टेशन दाखवणारा नवा रिपोर्ट पुढे ठेवला तेव्हा ते म्हणाले, “मॅम, पहिला रिपोर्ट चुकला. मग दुसरा बरोबर कशावरून?”

प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हणाले, “पहिला मी खुर्चीत बसून केला, सर. दुसऱ्यासाठी इथे आले. पण माझ्यावरही विश्वास ठेवू नका. उद्या डार्लीनच्या अँब्युलन्समध्ये बसा, घड्याळ लावा आणि या बाईंच्या दारापर्यंत जाऊन या.”

टलींनी रूथकडे पाहिलं. सगळे सगळ्यांना ओळखतात अशी ती काउंटी. वॉल्टर कसा गेला हे त्यांना माहीत नसणार असं नाही. त्यांनी मतदान एक आठवडा पुढे ढकललं.

मंगळवारी ते खरोखर गेले. डार्लीनने मुद्दाम त्यांना पाटीपाशी नेऊन गाडी मागे फिरवली. तिच्या म्हणण्यानुसार पुलापासून रूथच्या दारापर्यंत चेअरमनसाहेबांची नजर घड्याळावरच होती. पुढच्या सोमवारी अपरिव्हरच्या बंद पडलेल्या शाळेत स्टेशन करण्याचा ठराव त्यांनीच मांडला. चार विरुद्ध एक मतांनी तो पास झाला. मी ऑनलाइन बघत होते. निकाल ऐकून ऑफिसमध्येच मला रडू फुटलं आणि अजय टिश्यूचा डबा ठेवून हळूच बाहेर गेला.

क्लायंट हातचा गेला नाही. उलट शेजारच्या काउंटीने काम दिलं. टलींनी आमची शिफारस कोणत्या शब्दांत केली हे अजून कळलेलं नाही. स्टेशन सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी डार्लीनचा मेसेज आला: ‘अपरिव्हर, पहिला कॉल, सात मिनिटं. पेशंट ठीक आहे, तक्रारी करतोय.’

आता एखादा ब्लॉक फार लाल दिसला की मी रिपोर्ट लिहायच्या आधी तिथल्या कुणाला तरी फोन करते आणि एकच विचारते, ही माणसं संध्याकाळी कुठे जातात? उत्तर ‘कुठेच नाही’ असं आलं, तर लॅपटॉप मिटायचा आणि गाडी काढायची.