देवापुढची बंदूक

दिवाळीला पुण्याहून मुलीसाठी टिकल्यांची बंदूक आणली होती, ती चांगी विमानतळावर काढून घेतली. मी चिडले, पण आई खूश झाली. वडील गेल्यावर ती पासिर रिसला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आली होती आणि सिंगापूरमध्ये तिला नावडत्या गोष्टींची यादी लांबलचक होती. इथं बंदूक चालवली तर फाशी आहे हे कळल्यापासून मात्र ती म्हणायची, "शहाणं राज्य आहे हो."

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत पेट्रोल पंपाचं दुकान चालवायचा. एका चोरानं त्याच्या कपाळाला बंदुकीची नळी लावून गल्ला नेला. त्यानंतर त्याला स्वतःची बंदूक हवी होती, पण त्याच्या राज्यात परवाना फक्त नागरिकांनाच मिळे, आणि याच्याकडे होतं नुसतं ग्रीन कार्ड. असेच अडलेले काही ग्रीन कार्डवाले राज्याविरुद्ध कोर्टात गेले होते. हाही वादी म्हणून त्यांच्यात सामील झाला आणि लॉटरी लागल्याच्या थाटात आम्हाला फोन केला. फोन स्पीकरवर होता. आई उठून आत गेली.

"त्याला सांग," ती मला म्हणाली, "कोर्टातून नाव काढून घेतल्याशिवाय माझ्याशी बोलायचं नाही."

कारण आम्हा दोघा भावंडांना माहीत होतं. आजोबांकडे रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक होती. खंडेनवमीला ती विळ्या-कोयत्यांबरोबर देवापुढे ठेवली. तिला कुंकू लावलं आईनं, फ्रॉकातल्या आईनं, आणि झेंडूचं फूल वाहिलं. देवापुढची बंदूक रिकामीच असणार, असं घरातल्या प्रत्येकानं धरलं. संध्याकाळी तिच्या भावानं ती उचलली आणि बार उडाला. तो मामा आम्ही फोटोतच पाहिला.

मग मी त्या दोघांमधलं टेलिफोन एक्सचेंज झाले. मला दोघांचाही संताप यायचा. "अरे, म्हातारीचं मन राख की!" मी ओरडायचे. तो म्हणायचा, "ताई, तू तिथं दाराला नुसती जाळी लावून झोपतेस. इथं माझ्या कपाळावर नळी होती गं." त्याचंही खरंच होतं. आईचं तर होतंच. आणि तरी दर रविवारी फोन वाजला की आई स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासायची. ती रागावली असती तर राग कधीतरी निवळला असता. ती भ्यायली होती. आणखी एका भावाला, नव्हे, मुलाला कुंकू लावून घालवायचं तिच्यात बळ नव्हतं.

खटला रेंगाळला आणि आईचं हृदय थकत गेलं. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. तो म्हणाला, निकाल लागू दे, येतोच.

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. त्याला परवाना मिळाला, बंदूकही मिळाली. येणं मात्र लांबत राहिलं.

खंडेनवमीला सकाळी आई टेबलाशी बसून विळीला, कात्रीला आणि माझ्या लॅपटॉपला हळद-कुंकू लावत होती. तेवढ्यात त्याचा फोन आला. तिकडे आदली संध्याकाळ होती, पण तो सण आमच्या तारखेनं करायचा. चाचरत म्हणाला, "ताई, आज देवापुढे ठेवलीय. कुंकू लावलंय." कपाळ बडवावं असं वाटलं मला. आईचा मुलगा तो, दुसरं काय करणार होता!

आई उठली. भिंतीला धरत फोनपाशी आली.

"रिकामी आहे का?" तिनं विचारलं.

"हो, आई."

"बघितलंस?"

"बघितलं."

"परत बघ."

त्यानं फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग काहीतरी लोखंडी सरकल्याचा. "रिकामी आहे गं, आई," तो म्हणाला, आणि रडायलाच लागला.

"बरं," ती म्हणाली, आणि खुर्चीत जाऊन बसली. हात कुंकवानं माखलेले होते, तेच तिनं पदराला पुसले. आणखी बोल म्हणून मी विनवलं, तर मान हलवली. "उद्या बोलेन," म्हणाली.

दसऱ्याची सकाळ तिनं पाहिली नाही.

तो मंडाईच्या स्मशानात दहनाला पोचला, तेव्हा आईच्या चेहऱ्याकडे बघून मला एकच विचारत होता, "ताई, दसऱ्याला ती काय बोलणार होती?" मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. बंदूक त्यानं विकली नाही, आणि मीही विक म्हटलं नाही.

खंडेनवमीला त्याचा फोन येतो. मी विचारायच्या आतच तो सांगतो, "रिकामी आहे, ताई."

"परत बघ," मी म्हणते. तो जातो, बघून येतो.

मग मी विचारते, "जेवलास का?" अबोल्याआधी आई त्याला दर फोनला विचारायची ते.