टाकी भरलेली धरून

व्हर्लिन हॉगस्टाडने उभ्या आयुष्यात कुणाला सूट दिली नाही, आणि न देण्याचा त्याला भारी अभिमान होता. पोल्क क्रीकच्या धान्याच्या कोठारात वजनकाट्याच्या खिडकीमागे त्याची जन्माची नोकरी झाली. गव्हाचा ट्रक काट्यावर चढला की आकडा स्थिर होईपर्यंत तो जागचा हलायचा नाही. ओझं जास्त भरलं, की मान वर न करता म्हणायचा, “उतरव थोडं.” मग समोर पाद्री असो, नाहीतर बायकोचा सख्खा भाऊ. सुगीच्या दिवसांत अख्खा गाव त्याला शिव्या घालायचा आणि रविवारी चर्चच्या तळघरात त्याच्याच शेजारी बसून कॉफी प्यायचा. माणूस खडूस, पण खोटा नाही, असं त्याच्याबद्दलचं मत होतं.

त्याची बायको आर्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पोरं पोहू शकतील एवढाल्या पातेल्यांत तिने वर्षानुवर्षं मॅकरोनी ढवळली. घरी मूलबाळ झालं नाही, त्यामुळे गावातली सगळी पोरं तिचीच होती, आणि ती जेवली की नाही यावरून ती त्यांच्या आयांना रस्त्यात अडवून बोलायची. तिला एकच हौस होती. मोंटानाच्या या कोरड्या, सपाट मुलखात जन्म काढलेल्या बाईला समुद्र बघायचा होता. नुसता बघायचा नाही. ओरेगनच्या किनाऱ्यावर सकाळी उठून, स्वतःच्या शेगडीवर, स्वतःच्या कपात कॉफी करून बघायचा होता.

दोघं निवृत्त झाली त्या वर्षी एक म्हातारं जोडपं गाव सोडून मुलीकडे राहायला निघालं आणि त्यांनी आपला कॅम्पर विकायला काढला. पिकअपच्या हौद्यात मागून सरकवून बसवायचं घर ते. शेगडी, पलंग, संडास, सगळं त्यात. आर्लिस आत गेली ती बाहेर येईना. शेवटी दारातून डोकं काढून म्हणाली, “व्हर्लिन, इथल्या फडताळात दोनच बशा मावतात!” जन्मभर तीनतीनशे ताटं वाढलेल्या बाईला याहून मोठं सुख ठाऊक नव्हतं. व्हर्लिनने कॅम्पर तिथल्या तिथे घेतला. त्याच्या आयुष्यात न तोलता केलेली ही एकच खरेदी.

आणि मग त्याने तो तोलला.

काट्यावर आकडा आला तेव्हा व्हर्लिनचा चेहरा पडला. कागदावर छापलेलं वजन रिकाम्या कॅम्परचं होतं. पाणी, गॅस, बॅटरी, भांडीकुंडी, पांघरुणं यांतलं काहीच त्यात धरलं नव्हतं. व्हर्लिनच्या जुन्या पिकअपला ते पेलणारं नव्हतं. मेहुणा ड्युई म्हणाला, “अरे, लाद आणि चल! मागचे स्प्रिंग जरा बसतील, एवढंच. आमच्या पलीकडचा तो कर्ट नाही का फिरत? दिवे आकाशाकडे लागतात त्याचे, पण ॲरिझोनाला जाऊन येतो दर हिवाळ्यात.”

“कर्टला मी दर सुगीत उतरवायला लावलंय,” व्हर्लिन म्हणाला. “आता मीच जास्तीचं ओझं घेऊन त्याच्या दारावरून जाऊ?”

खरं दुखणं हे होतं. रस्त्यात टायर फुटेल ही भीती होतीच, पण गाव हसेल ही त्याहून मोठी. म्हणून मग कॅम्पर पेलेल अशा गाडीचा शोध सुरू झाला, आणि अंगणात चार लोखंडी पायांवर उभ्या असलेल्या कॅम्परमध्ये आर्लिसने पडदे शिवून लावले.

शनिवार उजाडला की दोघं कारने निघायची. बिलिंग्ज, मायनॉट, रॅपिड सिटी, जिथे कुठे जुना पिकअप विकाऊ असेल तिथे. गाडीच्या मालकाला राम राम करण्याआधीच व्हर्लिन तिचं दार उघडून उकिडवा बसायचा. दाराच्या खांबावर एक लहानशी पट्टी चिकटवलेली असते, ही गाडी किती ओझं पेलेल ते सांगणारी. ती वाचायची, मनात बेरीज करायची, आणि उठताना गुडघे झटकत म्हणायचं, “नाही जमायचं.” डिझेलचं इंजिन जोरकस, पण ते स्वतःच इतकं जड, की माणसांच्या वाट्याला काही उरत नाही. चार दारांची गाडी ऐसपैस, पण दारांचं वजन कोण धरणार? एकेका गाडीत तो एकेक खोट काढायचा, आणि त्याची प्रत्येक खोट खरी असायची, हेच तर वाईट होतं. आर्लिस तोवर कारमध्ये मांडीवर पर्स घेऊन बसलेली असायची. पहिल्या वर्षी ती खाली उतरून गाड्यांचे रंग बघायची. पुढे पुढे उतरेनाशी झाली.

तिसऱ्या वर्षी माइल्स सिटीत एक निळी गाडी मिळाली. बुटकी, जुनी, बसायला सोपी. आर्लिस स्वतःहून जाऊन तिच्यात बसली आणि आरशात बघून केस नीट केले. व्हर्लिनने बेरीज केली. थोडक्यात हुकत होतं. अगदी कॅम्परच्या पाण्याच्या टाकीएवढं.

“मग टाकी रिकामी ठेवू या,” आर्लिस म्हणाली. “पाणी काय, वाटेत कुठंही मिळतं.”

“कॅम्पर तोलायचा तर टाकी भरलेली धरून तोलायचा असतो.”

“अरे, पण आपण भरणारच नाही ना!”

“भरलेलीच धरायची असते, आर्लिस. नियम आहे तो.”

असा कुणाचा नियम होता? कुणाचाही नाही. व्हर्लिन हॉगस्टाडचा होता. आर्लिस निळ्या गाडीतून उतरली आणि कारमध्ये येऊन बसली. घरी परतताना ती म्हणाली, “व्हर्लिन, कारनेच जाऊ की आपण. मोटेलात राहू.”

“कॅम्पर आहे ना आपल्याकडे,” तो म्हणाला. आणि तो विषय तिथेच मिटला.

पुढच्याच वर्षी आर्लिसचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं. मग पावलं आखूड झाली. दारात आली की पाय जमिनीला खिळल्यासारखे व्हायचे. व्हर्लिन तिला वेळेवर गोळ्या द्यायचा, बूट घालून द्यायचा, ताटातलं कापून द्यायचा. कुठेही कमी पडला नाही तो, हे गावाने पाहिलंय. फक्त गाडी सापडली की सगळं ठीक होईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. शनिवारी तो आता एकटाच जायचा.

आणि सापडली एकदाची. पांढरी, पेट्रोलवर चालणारी, दोनच दारांची, मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेली दांडगी गाडी. व्हर्लिनने पट्टी दोनदा वाचली. टाकी भरलेली धरून, सगळं धरून, वर थोडं शिल्लक राहत होतं. त्याने तिथूनच घरी फोन केला आणि आर्लिसला म्हणाला, “कोट घालून ठेव.”

तो पोचला तेव्हा आर्लिस फाटकाशी उभी होती. निळा कोट, ओठांना लाली, हातात पर्स. ड्युई तिला धरून होता. व्हर्लिनने उडी मारून दार उघडलं आणि तिला ती पट्टी दाखवली.

“सगळं धरून?” आर्लिसने विचारलं.

“सगळं. तुझ्या बिडाच्या तव्यासकट.”

“आणि मला किती धरलंस?”

त्याने आकडा सांगितला. आर्लिस खुदकन हसली. “अरे, हे तर माझं शाळेत रांधायचे तेव्हाचं वजन. आता निम्मी राहिलेय मी.” मग तिने पाय उचलला.

पाय पायरीपर्यंत गेलाच नाही. जी गाडी एवढं ओझं पेलते ती उंच असणारच, तिचं जमिनीपासूनचं अंतर तेवढं असणारच. हे व्हर्लिनला कळत नव्हतं थोडंच! पण इतक्या वर्षांच्या बेरजेत आर्लिस त्याने सीटवर बसलेली धरली होती. तिला तिथवर चढायचं आहे, हे त्याने कधी धरलंच नव्हतं.

त्याने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. स्टुलावर तिचा पाय लटपटला. ड्युई डोकं खाजवत म्हणाला, “गायी ट्रकात चढवायची फळी आणू का घरून?”

“गायीला चार पाय असतात, ड्युई,” आर्लिस म्हणाली, आणि तिघंही हसली. त्या अंगणातलं ते शेवटचं मोकळं हसू.

शेवटी दोघांनी मिळून तिला उचलून वर बसवलं. ती सरळ समोर बघत बसली. छान दिसत होती. व्हर्लिन पलीकडून स्टिअरिंगवर येऊन बसला, आणि घटकाभर दोघं कुठेतरी निघालेल्या माणसांसारखी दिसली. मग तिला उतरायचं होतं. पाय खिळले ते हलेनात. “एक, दोन, आणि आता” असं व्हर्लिन पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, ड्युई खालून हात पसरून उभा राहिला, आणि तेवढ्यात जे व्हायला नको ते झालं. कोट ओला झाला. ड्युईने तोंड फिरवलं आणि तो कुंपणाकडे चालत गेला.

आत नेऊन व्हर्लिनने तिचे कपडे बदलले. पायांत कोरडे मोजे घालता घालता तो म्हणाला, “आपण कारनेच जाऊ. मोटेलात राहू. उद्याच निघू.”

आर्लिसने थरथरता हात त्याच्या टकलावर ठेवला. “आता नको रे,” ती म्हणाली. “तेव्हा म्हणत होते मी.”

ती ओरडली असती, भांडली असती तर त्याला सोसलं असतं.

त्या शरदात व्हर्लिनने कॅम्परचे चारही लोखंडी पाय फिरवून फिरवून पुरते खाली घेतले आणि तो फळ्यांवर टेकवला. दार जवळजवळ जमिनीशी आलं. रोज सकाळी तो तिला हाताला धरून तिथे न्यायचा, शेगडी पेटवायचा. आर्लिसच्याने कपात कॉफी ओतवायची नाही, पण ती सांगायची आणि तो ओतायचा. फडताळात दोन बशा होत्या. खिडकीतून कापणी झालेलं रान आणि त्यापलीकडे धान्याचं कोठार दिसायचं.

“समुद्र नाही हा,” एकदा व्हर्लिन म्हणाला.

“माहितेय मला,” आर्लिस म्हणाली. “कॉफी पी, गार होतेय.”

फेब्रुवारीत ती गेली. चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचं झाली, शाळेतली जुनी पोरं आपापल्या पोरांना घेऊन आली. बर्फ वितळल्यावर व्हर्लिनने पांढरी गाडी विकायला काढली.

बघायला आला तो गॅलन नावाचा साठीला टेकलेला माणूस. शेजारच्या तालुक्यातला, नुकता निवृत्त झालेला. त्याने व्हर्लिनशी हात मिळवायच्या आधी गाडीचं दार उघडलं आणि पट्टीपुढे उकिडवा बसला. व्हर्लिन त्याच्या पाठीकडे बघत उभा राहिला. मग त्याची नजर फाटकाबाहेर थांबलेल्या कारकडे गेली. आत एक बाई बसली होती. मांडीवर पर्स होती.

“कॅम्पर जरा जड आहे आमचा,” गॅलन खालूनच म्हणाला. “चार वर्षं शोधतोय, एक गाडी हिशेबात बसेल तर शपथ. ही तरी पेलेल का?”

व्हर्लिन कारपाशी गेला आणि त्याने बाईच्या बाजूचं दार उघडलं.

“नाव काय तुमचं?”

“जोलीन.”

“जोलीन, जरा येता? आधी तुम्ही चढून बघा.”

“मी? अहो, मला गाड्यांतलं काही कळत नाही.”

“कळायला नको. नुसतं चढा.”

जोलीन नवऱ्याकडे बघत संकोचून आली, हँडल धरलं आणि सहज चढून बसली. “आता उतरा,” व्हर्लिन म्हणाला. ती उतरली. “पुन्हा,” तो म्हणाला. ती हसत हसत पुन्हा चढली.

“तिचं काय घेऊन बसलात!” गॅलन उठत, गुडघे झटकत म्हणाला. “प्रश्न वजनाचा आहे. पाणीबिणी सगळं धरलं तर थोडंसं हुकतंय. अजून एकदोन गाड्या बघतो म्हणतो. घाई काय आहे?” आणि चालवून बघायला म्हणून त्याने किल्लीसाठी हात पुढे केला.

व्हर्लिनने किल्ली त्याच्या हातात दिली नाही. ती त्याने सीटवर बसलेल्या जोलीनच्या हातात ठेवली आणि तिची मूठ वरून मिटली.

“टाकी रिकामी ठेवा,” तो तिला म्हणाला. “पाणी वाटेत कुठंही मिळतं.”